कळकलेली घागर

१

कोजागिरीच्या सकाळी घागरीचं झाकण निघालं आणि डॉक्टर काशिनाथ भामऱ्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत शिवी गेली. शिरपूरहून नवरात्रासाठी आलेली त्यांची आई, रुक्मिणीबाई, पलीकडच्या क्वार्टरमध्ये होती म्हणून बरं. ऐकलं असतं तर पन्नाशीच्या लेकाचाही कान पिळला असता बाईंनी!

घागर म्हणजे पाणी भरायची नव्हे हो. १९९६ सालची ही गोष्ट. सुरतेत पांडेसऱ्याच्या पलीकडे, रंगाईच्या कारखान्यांच्या धुराड्यांना पाठ देऊन, तेव्हा एक छोटंसं चाचणी केंद्र उभं होतं. अणूंच्या कणांना वेग देणारी मोठी यंत्रं देशात दुसरीकडे उभी राहत. त्यांचे भाग आधी इथं तपासले जात. त्यातला मुख्य भाग तांब्याचा, पोट फुगलेलं, तोंड अरुंद, आतून गुळगुळीत. आतली सगळी हवा शोषून घ्यायची आणि मग आत रेडिओलहरी सोडायच्या. झोपाळ्यावरच्या पोराला वेळ साधून धक्का द्यावा, तशा त्या लहरी कणाला धक्का देतात. या भागाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. खानदेशी कामगारांनी आल्या दिवशी त्याचं बारसं करून टाकलं, आणि पुढं संचालक भामरेसुद्धा मीटिंगमध्ये घागरच म्हणू लागले.

आज तिथं साड्यांची गोदामं आहेत. पण योगिता देवरेला विचाराल तर ती अजून डोळे मिटून सांगेल, पंप कुठं होता, खिडकीतून कुठल्या कारखान्याच्या रंगाचा ओहळ दिसायचा, आणि दुपारी डबे उघडले की कुणाच्या डब्याला ठेच्याचा वास यायचा. लिंबायतच्या लूम कामगाराची ही पोर शिकून इथं लागली होती. काम काय, तर गळती शोधायची. यंत्रात बाहेरची हवा कुठल्या फटीतून शिरते ते हुडकायचं. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं.

तर त्या सकाळी सगळ्यांनी घागरीत डोकावलं. आत हिरवे डाग! जागोजाग कळंक चढलेला. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की चढतो ना, तस्साच.

केंद्रात नुकताच नवा, कितीतरी दमदार लहरींचा स्रोत बसवला होता. त्यासाठी घागर उघडून तिचा एक भाग बदलला, दसऱ्यानंतर ती बंद केली, तापवली, हवा काढली. आणि आदल्या दिवशी ताकद देताच आत ठिणग्या उडाल्या. आणि उद्याच दिल्लीची समिती येणार होती. घागर चालली तर नवा स्रोत इथंच राहणार, केंद्र वाढणार. नाही चालली तर स्रोत दुसऱ्या गावी जाणार.

"कुणीतरी आत ॲसिड ओतलंय," भामरे म्हणाले. "हिलाल, दसऱ्याला हॉल तू उघडलास. पूजा झाल्यावर घागर बंद तू केलीस. बोल."

हिलाल सैंदाणे हॉलचे जुने मिस्त्री. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पा खाली मान घालून उभे होते.

"किल्ली माझ्याकडे होती साहेब. जे करायचं ते माझं करा."

"म्हणजे तू केलंस?"

भामरे योगिताकडे वळले. "गळती शोधणं तुझं काम आहे ना? ही शोध. संध्याकाळपर्यंत मला नाव दे, नाहीतर हिलालला मी पोलिसांच्या हवाली करतो."

पहिल्या दिवशी तिला पाना धरायला शिकवला तो आप्पांनीच.

२

योगितानं हॉलचं दार लावून घेतलं. हातात टॉर्च, एक दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा, आणि डोक्यात एकच गोष्ट: आप्पा खोटं बोलत नाहीत, पण खरंही सांगत नाहीयेत.

पहिली गोष्ट तिला आदल्या दिवशीच माहीत झाली होती. आत कुठला वायू आहे ते सांगणारं एक यंत्र त्यांच्याकडे होतं. बाहेरची हवा शिरत असती तर त्यानं हवा दाखवली असती. त्यानं दाखवली होती पाण्याची वाफ. म्हणजे घागर गळत नव्हती, तिला आतूनच घाम फुटला होता. घागर बंद करण्याआधीच आत काहीतरी ओलं गेलं होतं.

मग तिनं आरसा आत सरकवला. ॲसिड ओतलं असतं तर ओघळ दिसले असते आणि तळाशी डबकं साचल्याचा डाग पडला असता. इथं ओघळ नव्हतेच. इथं होते गोल गोल फराटे, एकात एक. आणि गंमत बघा, तोंडापासून आत एका हातभर अंतरापर्यंत तांबं लखलखीत होतं, त्यावर हिरवे डाग. त्याच्या पलीकडे तांबं जसंच्या तसं, काळपट. जणू कुणाचा हात पुरला तिथवरच काम झालं होतं.

"अगं बाई," योगिता स्वतःशीच म्हणाली. "ही कुणीतरी घासलीय!"

जोडाच्या खाचेत काहीतरी तपकिरी अडकलं होतं. तिनं चिमट्यानं ते ओढून काढलं. केसासारखी रेष. वाटीभर कोमट पाण्यात टाकली तर ती फुगली. योगितानं वास घेतला आणि मटकन स्टुलावर बसली.

चिंचेचा चोथा होता तो.

३

घागरीशी वाकडं असलेला एकच माणूस केंद्रात होता, भूपेंद्र देसाई. तरणाताठा इंजिनिअर, सुरतीच, जिभेवर सदा साखर आणि साखरेखाली मिरची. तांब्याचे दिवस संपले, ही घागर भंगारात द्या, असं त्यानं मागच्याच महिन्यात भामऱ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं.

"आवो योगिताबेन," तो कँटीनमध्ये वाफवलेल्या डाळीचा लोचो खात म्हणाला. "मला अटक करायला आलात?"

"चेष्टा सोड. दसऱ्याला तू पूजेला होतास ना?"

दसऱ्याला योगिता लिंबायतला घरच्या पूजेत होती. केंद्रात मात्र दर दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची. पाने, पंप, मीटर सगळं मांडायचं आणि मधोमध पाटावर घागर. तोंडाला प्लॅस्टिकचं झाकण, वर एक झेंडूचं फूल, बस. हळदकुंकू लावायचं नाही, हात लावायचा नाही, हा आप्पांचाच दंडक.

"होतो ना. जलेबी-फाफडा सोडतो काय मी? आणि घागर काय चमकत होती! नवी नवरीच. सरांनी सगळ्यांसमोर हिलालआप्पांची पाठ थोपटली. म्हणाले, वा हिलाल, काय उजळवलीस!"

योगिता चमकली. बाहेरून उजळली तर बिघडत नाही. पण पांडेसऱ्याच्या त्या हवेत तांबं दोन दिवसांत काळं पडायचं. दसऱ्याच्या सकाळीच कुणीतरी घासली असणार.

"आप्पा काय म्हणाले?"

"काही नाही. तोंड असं केलेलं, जसं एरंडेल प्यायलेत."

"भूप्या, जरा चल माझ्याबरोबर."

हॉलमध्ये आणून तिनं त्याला सांगितलं, घागरीत हात घाल. भूपेंद्रनं रबरी मोजा चढवून हात आत सारला. अंगठ्याच्या बुडाशी तो असा अडकला की काढताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तिचं बोलणं ऐकायच्या आत बेसिनकडे पळाला.

योगिता मात्र हसली नाही. भूपेंद्रचा हात जात नाही, तर आप्पांचा फावड्याएवढा पंजा काय जाणार? तिनं स्वतःचा हात मोजा घालून आत सरकवला. अलगद गेला. म्हणजे घासणारा हात बाईचा होता, आणि केंद्रात तिच्याखेरीज बाई एकच. ती होती झाडलोट करणारी मंगलाबाई.

४

मंगलाबाई मराठवाड्यातली, नवऱ्यामागं सुरतेला आलेली. योगितानं घागरीचं नाव काढताच तिची पाचावर धारण बसली.

"म्या? त्या घागरीला? ताई, म्या तिच्या सावलीला उभी ऱ्हात न्हाई. आप्पानं सांगितलंय, करंट मारती म्हणून."

"बरं, घाबरू नका. तुम्ही घरी तांब्याची भांडी कशानं घासता?"

"घ्या! आमच्याकडं कुठलं आलंय तांबं? एक स्टीलचा हंडा, बाकी समदी जर्मनची. राख मारायची नि काथ्यानं घासायचं."

"आणि चिंच?"

"चिंच आमटीत टाकत्यात ताई. एवढी महाग चिंच भांड्याला फासाया आमी काय जमीनदार हाय?"

योगिताला पटलं. ज्या घरात तांबं नाही, त्या घरच्या बाईच्या हाताला चिंच-मिठाची सवय कुठून लागणार? काळं तांबं दिसलं की चिंचेकडे हात जाणारी बाई वेगळी. जिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचा बंब, तांब्याचे हंडे आहेत अशी.

"दसऱ्याला सकाळी तुम्ही पहिल्या आलात ना हॉलवर?"

"न्हाई. म्या आले तर रांगोळी घालूनबी झालती. लई देखणी. ठिपके मोजून, चिमटीनं घातलेली. आमी आपली छापाची जाळी आपटतो, झालं."

"रांगोळी कुणी घातली?"

"म्या भाईरच झाडत व्हते, आत बघितलं न्हाई. पण आप्पा थोडीच घालणार? आप्पा तर फुलांची पिशवी घेऊन माझ्या मागनं आले." मंगलाबाई थांबली, मग हळूच म्हणाली, "ताई, आप्पाला पकडू नगा. लई सोसलंय त्या माणसानं. पिलेगाच्या साली काय झालं, तुमाला ठाव हाय ना?"

ते वर्ष कुणाला ठाऊक नव्हतं? दोनच वर्षांपूर्वीची गोष्ट. प्लेगच्या भीतीनं अर्धी सुरत पळाली होती. योगिताचे वडील मात्र खोलीला कडी लावून इथंच बसले होते. पण मंगलाबाईनं पुढं जे सांगितलं ते तिला नवीन होतं. आप्पा बायकोपोरांना घेऊन खानदेशात गावी गेले, तर गावानं वेशीवरच अडवलं. सुरतेचे आहात, आत यायचं नाही. सख्ख्या भावानं दार लावून घेतलं. पोरगी तापानं फणफणलेली. तेव्हा शिरपूरच्या एका म्हातारीनं त्यांना घरात घेतलं, पोरीला मांडीवर घेऊन बसली. शेजारीपाजारी बोंबलत राहिले.

"कोण म्हातारी?" योगितानं विचारलं, पण उत्तर तिला कळून चुकलं होतं.

"आपल्या सायबांची आई की!"

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! संचालकांचं क्वार्टर हॉलपासून हाकेच्या अंतरावर. पायरीवर तांब्याचा हंडा उपडा घातला होता, आणि तो इतका लखलखत होता की योगिताला त्यात आपला उतरलेला चेहरा दिसला.

"ये बेटा, ये," रुक्मिणीबाईंनी हाक मारली. लहानखुरी बाई, हातांची बोटं सडपातळ, अंगावर नऊवारी. "काशी तर जेवायला बी आला नाही. काय व्हयनं काय तिकडे?"

"काही नाही आजी. काम आहे." योगिता पाटावर टेकली. पुढचं विचारायला तिला जीभ उचलवेना. पण तशी वेळच आली नाही. बाईंना आपणहून सांगायचंच होतं.

"तुमच्या घागरीची कळा बघितली मी दसऱ्याच्या दिवशी. काळी पडी गयथी बिचारी! माझा लेक एवढा मोठा साहेब, आणि सणाच्या दिवशी पाटावर काळी घागर? लोक काय म्हणतील? हिलालला म्हटलं, मी रांगोळी घालते, तू फुलं घेऊन ये. तो गेला तसं घरून चिंच आणि मीठ आणलं. बाहेरून घासली, आतून घासली, हात पुरला तिथवर. दोन तांबे पाणी फिरवलं. काशीनं बघितलं तर किती खूष झाला! त्याला वाटलं हिलालनं केलं. मी म्हटलं, वाटू दे. आईनं केलेलं काय सांगायचं असतं?"

त्या बोलतच होत्या. योगितानं चहाचा कप तसाच खाली ठेवला. मीठ, आंबट, पाणी! घागरीचं वाटोळं करायला तिघं पुरेशी होती, आणि तिघांना आत नेणारे हात हे.

आप्पा तिला हॉलमागच्या कडुलिंबाखाली सापडले.

"आप्पा, तुम्ही फुलं घेऊन आलात तेव्हा घासून झाली होती ना?"

आप्पांनी मान वर केली. डोळे भरून आले होते. "तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. अभिमानानं."

"मग बेटा, तूच सांग, काय करायचं होतं मी? माय दारात उभी. म्हणते, बघ हिलाल, कशी झाली! मी तोंड उघडलं असतं तर त्या जागीच ती खचली असती. मन्ही पोर जगली ती त्या मायच्या मांडीवर. पूजा झाली, सगळे गेले. मग मी आत स्पिरिट ओतून खळखळवली, गरम हवा सोडली. हात तर आत जात नाही माझा. वाटलं, तापवल्यावर उरलंसुरलं निघून जाईल. नाही निघालं."

"मला तरी सांगायचं होतंत! माझा हात गेला असता."

"तेच चुकलं." आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "पण आता सांगू नकोस. मला नेऊ दे पोलिसांना. माझं काय, वर्षभरात घरी बसणारच होतो."

"आणि तुमच्या पोरीला काय सांगाल? बापानं ॲसिड ओतलं म्हणून?"



६

संध्याकाळ व्हायच्या आत योगिता भामऱ्यांच्या केबिनमध्ये गेली. तिनं चोथ्याची वाटी टेबलावर ठेवली आणि एकेक गोष्ट सांगत गेली. पाण्याची वाफ, गोल फराटे, हातभर उजळलेलं तांबं, भूपेंद्रचा अडकलेला पंजा, मंगलाबाईची जर्मनची भांडी, चिमटीची रांगोळी. शेवटचं नाव तिनं घेतलंच नाही. घ्यावं लागलं नाही. भामऱ्यांचा चेहरा मिठाच्या खड्यासारखा विरघळत गेला.

"मी त्याची पाठ थोपटली होती," ते पुटपुटले. "सगळ्यांसमोर."

ते तसेच उठले आणि कडुलिंबाकडे चालू लागले. योगिता मागोमाग. आप्पा उभे राहायला लागले तर भामऱ्यांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः शेजारी मातीत बसले, पँटीची पर्वा न करता.

"हिलाल, मी पाठ थोपटली तेव्हा का नाही बोललास रे?"

"तिथं माय उभी होती साहेब. हसत होती."

भामरे ढसाढसा रडले. मोठा माणूस असा रडताना योगितानं त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. तिनं तोंड फिरवलं आणि तीही रडली.

"उद्या समितीला सगळं सांगतो," भामरे शेवटी म्हणाले. "तुझ्यावर डाग नको."

"सांगा साहेब, पण मायचं नाव नको. तिच्या कानावर गेलं तर ती पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही. तेवढं कबूल करा, मग मला काय हवं ते करा."

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालेल्या माणसानं आता 'कबूल' म्हटलं. मग त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी दिल्लीचे पाहुणे आले. भामऱ्यांनी त्यांच्यासमोर घागर उघडून ठेवली आणि ताठ उभं राहून सांगितलं, "आतून चुकीच्या पद्धतीनं स्वच्छ केली गेली. हुकूम माझा, देखरेख माझी. माझ्या माणसांपैकी कुणाचाही दोष नाही." अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. इतक्या नावाजलेल्या माणसानं शाळकरी पोरालाही न शोभणारी चूक करावी? त्यांनी बोलून दाखवलं, तेही कडक शब्दांत, सगळ्यांदेखत. भामऱ्यांनी ऐकून घेतलं. आप्पा दाराशी उभे होते; त्यांना दोनदा पुढं व्हायचं होतं, दोन्ही वेळा योगितानं त्यांची बाही धरली. नवा स्रोत महिन्याभरात ट्रकवर चढून दुसऱ्या गावी गेला आणि भामऱ्यांचं संचालकपद वर्षअखेरीला गेलं. हिलाल सैंदाणे मात्र पुढच्या वर्षी हारतुऱ्यांसह, मानानं घरी गेले.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी होता चंदनी पडवो, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचा सुरती सण. सुरतेत त्या दिवशी कुणी घरात बसत नाही. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि उन्हं कलल्यावर सगळे क्वार्टरच्या गच्चीवर जमले. भूपेंद्रनं भागळच्या बाजारातून माव्याची घारी आणली होती, तुपानं डबडबलेली, आणि सोबत भुसू, म्हणजे सुरती फरसाण. लिंबायतच्या बाजूनं लूमची खटखट वाऱ्यावर येत होती.

रुक्मिणीबाई जिना चढून आल्या. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि लेकाजवळ बसल्या.

"काशी, पाव्हनास्ले आवडनी का रे घागर?"

भूपेंद्रनं घारीचा घास तोंडातच धरला.

"आवडली ना आई," भामरे म्हणाले. "म्हणाले, अशी चकाकी आम्ही दिल्लीतसुद्धा पाहिली नाही."

बाईंचं तोंड असं खुललं की बघत राहावं. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला, मग आप्पांकडे वळून बोट नाचवलं.

"ऐकलंस ना हिलाल? आता गुपित ठेवत नाही. ती घागर मी घासली होती, तू नव्हे! पुढच्या दसऱ्याला बी मीच घासणार, सांगून ठेवते."

आप्पांनी भामऱ्यांकडे पाहिलं. भामऱ्यांनी हलकेच मान डोलावली.

"हो माय," आप्पा म्हणाले. "तुम्हीच घासा."